मोठ्या आतड्यात मोठा पॉलिप सापडला, तर पुढे काय करावे?

दुर्बिणीच्या खोलीतून बाहेर येऊन डॉक्टर जेव्हा सांगतात, की मोठ्या आतड्यात एक मोठा पॉलिप दिसला आहे आणि तो आज काढलेला नाही, तेव्हा बाकावर बसलेल्या घरच्या माणसांना त्यातून दोनच गोष्टी ऐकू येतात: एक तर कॅन्सर झाला आहे, नाहीतर पोटाचे मोठे ऑपरेशन होणार आहे. तीन वर्षांपूर्वी मिरजेत माझ्या थोरल्या काकांच्या तपासणीनंतर आम्हीही तेच ऐकले होते. काका तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदार. शौचाच्या वेळी रक्त पडते म्हणून दीड वर्ष ते मूळव्याधीची चूर्णे घेत राहिले, आणि अखेर गुदद्वारातून आतडे तपासण्याची दुर्बीण (कोलोनोस्कोपी) झाली तेव्हा मोठ्या आतड्याच्या शेवटाकडील सिग्मॉइड या भागात साडेतीन सेंटीमीटरचा, रुंद बुडाचा पॉलिप सापडला. तो कॅन्सर नव्हता आणि त्यासाठी पोटही उघडावे लागले नाही. मात्र कोणत्या टप्प्यावर काय विचारायचे हे आम्हाला कोणी क्रमाने सांगितले नव्हते, आणि दोन मोठ्या चुका आमच्या हातून होता होता राहिल्या. त्या इतरांकडून होऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. डॉक्टरांसमोर बसताना ही माहिती हाताशी असावी एवढाच हेतू आहे. निर्णय अर्थातच त्यांच्याशी बोलून घ्यावा.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ. तुरीच्या दाण्याएवढे पॉलिप अनेकांना असतात आणि दुर्बीण चालू असतानाच ते काढले जातात. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप अधिक गांभीर्याने घेतला जातो, आणि २० मिलिमीटर, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढा किंवा त्याहून मोठा पॉलिप काढण्यासाठी वेगळे कौशल्य, वेगळी साधने आणि जास्त वेळ लागतो. त्यामुळे पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी तो न काढता तसाच ठेवला असेल, तर त्यांना जमले नाही असा अर्थ काढू नये. अर्धवट काढलेल्या पॉलिपपेक्षा हात न लावलेला पॉलिप पुढच्या डॉक्टरांना पुष्कळ सोपा जातो. मोठा पॉलिप एकाच प्रयत्नात संपूर्ण निघण्याची शक्यता पहिल्या वेळी सर्वांत जास्त असते, आणि पुढची सगळी धडपड हा पहिला प्रयत्न योग्य हाती पडावा यासाठीच करायची असते.

घाई किती करावी, हा प्रश्न लगेच येतो. साध्या पॉलिपचे कॅन्सरमध्ये रूपांतर होण्यास सामान्यतः कित्येक वर्षे, बहुधा १० वर्षांच्या आसपास काळ लागतो. म्हणून कागद जमवणे, दुसरे मत घेणे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची व्यवस्था लावणे यासाठी तीन-चार आठवडे गेले तर बिघडत नाही. परंतु हा पॉलिप किती जुना आहे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि म्हणूनच "फळछाटणी उरकू द्या", "ऊस तुटून जाऊ द्या" असे म्हणत हंगामामागून हंगाम घालवणे धोक्याचे आहे. पॉलिपचा पृष्ठभाग खडबडीत, मध्ये खोलगट किंवा जखम झालेला दिसला असेल, किंवा डॉक्टरांनी कॅन्सरची शंका स्पष्टपणे लिहिली असेल, तर मात्र दिवस मोजावेत, आठवडे नव्हेत. कोणत्याही चूर्णाने, काढ्याने किंवा गोळीने असा मोठा पॉलिप विरघळत नाही, हेही इथेच स्पष्ट सांगतो, कारण आमच्या घरी पहिल्या आठवड्यातच तीन जणांनी तीन औषधे सुचवली होती.

रिपोर्ट हाती घेतल्यावर

पहिले काम म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीचा पूर्ण रिपोर्ट रंगीत फोटोंसह मागून घेणे. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर पॉलिपचा पृष्ठभाग कळत नाही, आणि पुढच्या तज्ज्ञाचा अर्धा निर्णय त्या पृष्ठभागावरच अवलंबून असतो. तपासणीचे चित्रीकरण झाले असेल तर ते पेनड्राइव्हवर मागावे. मागण्यात संकोच वाटू देऊ नये.

रिपोर्टमध्ये पॉलिपची जागा लिहिलेली असावी: गुदाशय, सिग्मॉइड, डावी बाजू, आडवा भाग, उजवी बाजू, की मोठ्या आतड्याचा अगदी सुरुवातीचा सीकम हा भाग. आकार मिलिमीटरमध्ये असावा. नुसते "मोठा" लिहून भागत नाही. घडण लिहिलेली असावी, कारण अळंबीसारखा देठ असलेला पॉलिप आकाराने मोठा असला तरी देठाशी फास टाकून तुलनेने सहज काढता येतो, तर बसका किंवा चादरीसारखा पसरलेला पॉलिप अवघड असतो. दुर्बीण सीकमपर्यंत पोहोचली होती का आणि आतडे किती स्वच्छ होते, हेही पाहावे. स्वच्छतेसाठी अनेक ठिकाणी ० ते ९ असे गुण देतात. ते कमी असतील किंवा तपासणी अर्ध्यावर थांबली असेल, तर उरलेल्या आतड्यात दुसरा पॉलिप राहून गेला असण्याची शक्यता असते, आणि पुढच्या वेळी संपूर्ण आतडे पुन्हा पाहावे लागते. काही वेळा पुढच्या डॉक्टरांना जागा सापडावी म्हणून आतड्याच्या भिंतीत शाईची खूण करतात. ती केली असेल तर पॉलिपपासून किती अंतरावर केली, याची नोंद हवी. पॉलिपच्या थेट खाली शाई टोचली गेली, तर तिथे व्रण धरतो आणि पुढचे काम कठीण होते.

आता तुकडा काढण्याविषयी, म्हणजे बायोप्सीविषयी. आमच्याकडे एक समज खोलवर रुजलेला आहे, की तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. हा समज खरा नाही, आणि त्यापायी आवश्यक बायोप्सी नाकारणारी माणसे स्वतःचे नुकसान करून घेतात. मात्र जो मोठा पॉलिप दुर्बिणीतून काढण्याजोगा दिसतो आहे, त्याचे पुन्हा पुन्हा आणि अनेक तुकडे काढू नयेत, असे तज्ज्ञ सांगतात, आणि त्याचे कारण निराळे आहे. ते समजण्यासाठी भाकरीचे उदाहरण पुरे आहे. भाकरी चांगली फुगली की वरचा पापुद्रा खालच्या थरापासून आपोआप सुटतो. पण जिथे ती दाबली किंवा करपली असेल, तिथे पापुद्रा खाली चिकटूनच राहतो. मोठा पॉलिप काढताना डॉक्टर अस्तराच्या खाली द्रव टोचून तो असाच फुगवून वर उचलतात. पूर्वी जिथे वारंवार तुकडे काढले असतील तिथे व्रणामुळे अस्तर खालच्या थराला चिकटते, तो भाग उचलला जात नाही, आणि जे काम दुर्बिणीने झाले असते ते शस्त्रक्रियेकडे जाऊ शकते. शिवाय मोठ्या पॉलिपच्या एका कोपऱ्यातून घेतलेला तुकडा त्याच कोपऱ्याची माहिती देतो. तो निर्दोष निघाला म्हणून बाकीचा भागही निर्दोष असेलच असे नाही. आमची पहिली चूक इथे होणार होती. काकांचा एक तुकडा आधीच तपासला गेला होता, आणि तरीही "खात्री करून घेऊ" म्हणून आम्ही दुसऱ्या गावी नव्याने तुकडे काढायला निघालो होतो. पहिल्या डॉक्टरांनीच थांबवले आणि सांगितले, की आता तुकडा नको, आता पॉलिप काढणाऱ्या माणसाकडे जा.

तुकड्याच्या रिपोर्टमधील शब्दांनी घाबरू नये. अ‍ॅडेनोमा म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल अशी, पण आज कॅन्सर नसलेली वाढ. लो ग्रेड आणि हाय ग्रेड डिस्प्लेझिया या शब्दांनी पेशी किती बदलल्या आहेत ते कळते. हाय ग्रेड म्हणजे बदल जास्त, पण तो अस्तरापुरताच मर्यादित. व्हिलस (म्हणजे बोटांसारख्या बारीक उंचवट्यांची घडण) हा शब्द असेल तर धोका थोडा अधिक मानतात. रक्तातील सीईए ही कॅन्सरच्या संदर्भात केली जाणारी तपासणी अनेक जण परस्पर करून घेतात, पण ती नॉर्मल आली म्हणून पॉलिप निर्धोक ठरत नाही आणि वाढलेली आली म्हणून कॅन्सर ठरत नाही. कॅन्सरची शंका नसलेल्या पॉलिपसाठी पेट स्कॅनचीही सहसा गरज नसते.

कोणी काढावा आणि कसा

दुर्बिणीतून काढण्याची रूढ पद्धत म्हणजे ईएमआर. अस्तराखाली द्रव टोचून पॉलिप वर उचलायचा, तारेचा फास टाकून तो कापायचा, आणि फार मोठा असेल तर दोन-चार किंवा अधिक तुकड्यांत काढायचा. ईएसडी ही दुसरी पद्धत जपानमध्ये विकसित झाली; तिच्यात बारीक सुरीने अस्तराखालचा थर सोडवत संपूर्ण पॉलिप एकसंध काढतात. तिला वेळ जास्त लागतो, आतड्याला छिद्र पडण्याचा धोकाही ईएमआरपेक्षा जास्त असतो आणि ती करणारे हात कमी आहेत. पण कॅन्सरची सुरुवात झाली असण्याची शंका असेल, तर एकसंध तुकडा पॅथॉलॉजिस्टच्या दृष्टीने फार मोलाचा असतो. तिसरा मार्ग शस्त्रक्रियेचा, बहुधा लॅप्रोस्कोपीने आतड्याचा तेवढा भाग काढण्याचा. पॉलिप खोलवर रुजलेला दिसत असेल किंवा दुर्बिणीने पोहोचताच येत नसेल, तर तोच योग्य असतो. परंतु कॅन्सरची कोणतीही खूण नसताना केवळ आकार मोठा आहे म्हणून कोणी थेट आतडे कापण्याचा सल्ला दिला, तर मोठे पॉलिप नियमित काढणाऱ्या एंडोस्कोपीतज्ज्ञाचे मत घेतल्याखेरीज होकार देऊ नये. माझे हे मत ठाम आहे.

हा माणूस शोधायचा कसा? सांगली जिल्ह्यात आजारी माणसाची पावले आपसूक मिरजेकडे वळतात. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभे केले, पुढे १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही लोक रेल्वेने तिथे येत राहिले. सातारकरांना कराड, पुणे आणि सांगली-मिरज हे तिन्ही पर्याय असतात. पण या एका कामापुरते गाव किंवा इमारत पाहून भागत नाही. कौशल्य त्या विशिष्ट डॉक्टरांच्या हातात असते. म्हणून नम्रपणे, पण सरळ विचारावे: दोन सेंटीमीटरपेक्षा मोठे, बसके पॉलिप तुम्ही नेहमी काढता का? माझा पॉलिप एकसंध निघेल की तुकड्यांत? तुकड्यांत काढल्यास कडा जाळून घेता का? आत हवा भरता की कार्बन डायऑक्साइड? छिद्र पडले तर शल्यविशारद त्याच इमारतीत आहेत का, आणि रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर मी कोणाला फोन करावा? अनुभवी डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. काकांच्या डॉक्टरांनी तर त्यांतील दोन प्रश्न आम्ही विचारण्याआधीच स्वतः उलगडून सांगितले.

खर्चाची चौकशी तारीख घेण्यापूर्वी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता प्रति कुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते ठरावीक उपचारांना आणि योजनेतील रुग्णालयांतच मिळते. तुमचा उपचार त्यात बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला शिधापत्रिका, आधार कार्ड आणि रिपोर्ट दाखवून विचारावे. खासगी विमा असेल तर पूर्वमंजुरी घ्यावी.

तयारीचे दिवस

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हा तयारीतील सर्वांत नाजूक भाग आहे. क्लोपिडोग्रेल सामान्यतः ५ ते ७ दिवस आधी बंद करतात, वॉर्फरिनसारख्या गोळ्याही काही दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवतात. पण हे सामान्य नियम आहेत. ज्यांच्या हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप आहे, त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी स्वतःहून बंद करू नये. कोणती गोळी कधी बंद करायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, या दोन्ही तारखा कागदावर लिहून घ्याव्यात. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवाव्यात, कारण त्यांनी शौच काळे आणि चिकट होते. मधुमेहींनी उपाशी राहण्याच्या दिवसाचे इन्सुलिन व गोळ्यांचे प्रमाण विचारून घ्यावे.

दोन दिवस आधीपासून बिया, साली आणि चोथा असलेले पदार्थ बंद करावेत. म्हणजे मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, पेरू, डाळिंब, टोमॅटो, पालेभाज्या नकोत, आणि आमच्या भागात नको म्हणणे कठीण जाते ती सालीसकट द्राक्षे आणि बेदाणेही नकोत. ज्वारीच्या भाकरीऐवजी मऊ भात आणि गाळलेले वरण घ्यावे. मध्ये एकादशी आलीच तर साबुदाणा चालतो, पण त्यातले दाण्याचे कूट नको. आदल्या दिवशी नारळपाणी, साखरेचे लिंबूपाणी गाळून, बिनदुधाचा चहा असे पातळ पदार्थ घ्यावेत. कोकमाचे सरबत, बीटाचा रस यांसारखे लाल रंगाचे पेय टाळावे, कारण आतड्यात तो रंग रक्तासारखा दिसतो.

पोट साफ करण्याचे औषध दोन हप्त्यांत घेतले तर आतडे जास्त स्वच्छ होते: अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या चार-सहा तास आधी. जत, आटपाडी, माण किंवा पाटणच्या डोंगरातील गावाहून येणाऱ्यांची अडचण इथेच होते, कारण दुसरा हप्ता घेतल्यावर एसटीत बसणे शक्य नसते. त्यांनी आदल्या दिवशीच शहरात येऊन नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयाजवळच्या लॉजवर, स्वतंत्र संडास असलेल्या खोलीत मुक्काम करावा. शेवटी येणारे पाणी पिवळसर आणि आरपार दिसणारे हवे. गढूळ असेल तर टेबलावर जाण्यापूर्वी सांगावे. अस्वच्छ आतड्यात मोठा पॉलिप काढण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा तारीख पुढे गेलेली बरी.

काढल्यानंतर

काम अर्ध्या तासात होऊ शकते किंवा दोन तासही चालू शकते. काढलेले सगळे तुकडे पॅथॉलॉजीकडे गेले का, एवढे नातेवाइकाने जरूर विचारावे. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, पण धोका तिथे संपत नाही. रक्तस्राव १४ दिवसांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतो, आणि म्हणून हे दोन आठवडे रुग्णालयापासून तास-दीड तासाच्या अंतरात काढावेत. पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यातील घरी परतायचे असेल, तर तेवढे दिवस कराडात राहावे. लोणंद-फलटणच्या बाजूने पालखीबरोबर चालायचे ठरले असेल, तर त्या वर्षी पालखीचे दर्शन घेऊन परत यावे. द्राक्षांचे क्रेट उचलू नयेत, ट्रॅक्टर चालवू नये, आणि अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी न विचारता घेऊ नये.

पहिल्या शौचाला रक्ताचा थोडासा अंश दिसू शकतो. परंतु गाठी पडत असतील, पुन्हा पुन्हा लाल रक्त येत असेल, चक्कर येत असेल, पोट दगडासारखे कडक होऊन दुखत असेल किंवा ताप आला असेल, तर गावातील दवाखान्यात इंजेक्शन घेऊन रात्र काढू नये. मोठ्या आतड्याची भिंत अवघी काही मिलिमीटर जाड असते आणि तिला छिद्र पडलेले असू शकते; म्हणून पॉलिप काढल्याचे सांगून थेट मोठ्या रुग्णालयात जावे.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटावे, तो फोनवर वाचून घेऊ नये. त्यात कॅन्सर निघाला तरी लगेच धीर सोडण्याचे कारण नाही. पेशी अस्तराच्या खाली १ मिलिमीटरपेक्षा कमी शिरल्या असतील, रक्तवाहिन्यांत किंवा लसवाहिन्यांत गेल्या नसतील, कडा स्वच्छ असतील आणि पेशींचा प्रकार फार आक्रमक नसेल, तर केवळ दुर्बिणीने काढणे पुरेसे ठरू शकते. यांपैकी एखादी गोष्ट विपरीत असेल, तर सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रिया यांची चर्चा होते, कारण मग आजूबाजूच्या लसग्रंथींत पेशी गेल्या असण्याचा धोका वाढतो. अशा वेळी काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेतून घेऊन परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी पुन्हा तपासून घेता येतात.

पॉलिप तुकड्यांत काढला असेल, तर सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण करावी लागते. आमची दुसरी चूक इथे होणार होती. काकांना कसलाही त्रास नव्हता, रक्त थांबले होते, खरड छाटणीची गडबड चालू होती, आणि "आता कशाला" हे त्यांचे म्हणणे घरात सर्वांना पटले होते. पण तुकड्यांत काढलेल्या मोठ्या पॉलिपचा अंश त्याच जागी पुन्हा वाढण्याचे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के आहे. कडा नीट जाळल्या तर ते बरेच खाली येते, शून्य होत नाही. काकांना आम्ही अक्षरशः गाडीत बसवून नेले. जुन्या व्रणाच्या कडेला ४ मिलिमीटरचा अंश सापडला आणि पाच मिनिटांत निघाला. त्यानंतर एक वर्षाने, आणि ती स्वच्छ आली तर पुढे तीन वर्षांनी, असे हे वेळापत्रक सहसा असते. तारीख घरातील तरुण माणसाच्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी.

शेवटची गोष्ट रुग्णाच्या भावंडांची आणि मुलांची. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा अ‍ॅडेनोमा ज्याला झाला, त्याच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा रुग्णाचे निदान ज्या वयात झाले त्याच्या १० वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा दुर्बीण करून घ्यावी. आम्ही काकांच्या पॅथॉलॉजी रिपोर्टच्या प्रती काढून घरोघर दिल्या, कारण "काकांना काहीतरी गाठ होती" एवढ्या सांगण्यावरून कोणत्याही डॉक्टरांना नेमका सल्ला देता येत नाही. माझ्या वडिलांना ६ मिलिमीटरचा एक पॉलिप निघाला, तो त्याच बैठकीत काढला गेला. चुलतबहीण ४३ वर्षांची आहे. तिची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.